स्कालिट्झपासून सूर्यमालेपर्यंत: पावसाळ्यातली तीन गेम्सची भटकंती

जूनमध्ये राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना चोरदरवाजाच्या खालच्या टप्प्यात पाय सटकला आणि घोटा चांगलाच मुरगळला. डॉक्टरांनी सहा आठवडे डोंगराचं नाव काढायचं नाही असं बजावलं. ऐन पावसात घरात बसणं माझ्यासाठी शिक्षाच होती. पण ऑफिसातून आल्यावर पाय उशीवर ठेवून मी तीन व्हिडिओ गेम पूर्ण केले: ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’, ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘डिस्को एलिझियम’. तिन्ही मला खऱ्या प्रवासासारखे वाटले, म्हणून हा वृत्तांत. मागून कुणी जाणार असेल तर शिदोरी काय घ्यायची, कुठे थांबायचं आणि कुठे घाई करायची नाही, तेही लिहितो. कथेतले मोठे धक्के फोडणार नाही.

सर्वात जास्त वेळ गेला ‘किंगडम कम’मधल्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या एका भागात. ९२ तास. ‘किंगडम कम’ प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने २०१८ च्या फेब्रुवारीत आणला. काळ आहे १४०३ चा. राजा चौथा वेन्सेस्लास कैदेत आहे आणि त्याचाच सावत्र भाऊ सिगिस्मंड फौज घेऊन मुलूख लुटत निघाला आहे. आपण हेन्री, स्कालिट्झ गावच्या लोहाराचा मुलगा. ना ड्रॅगन, ना जादूटोणा, ना जग वाचवायची भविष्यवाणी. पहिल्या तासात बापाने सांगितलेली कामं करायची: कोळसा आणायचा, एकाकडची उधारी वसूल करायची, थंड बिअर आणायची. उधारीवाला पैसे देत नाही, हाणामारीवर येतो, आणि आपण मार खातो, कारण हेन्रीला खरंच लढता येत नाही.

दुपारपर्यंत गाव जळून खाक होतं.

आधीचा तो संथ तास बऱ्याच जणांना कंटाळवाणा वाटतो. पण गावात चालत चालत जी माणसं ओळखीची झालेली असतात, तीच नंतर डोळ्यांसमोर मारली जातात, आणि म्हणून ते लागतं. तिथे पळापळ करू नका. किल्ल्यापर्यंत जा, भट्टीजवळ उभे राहा, मित्रांशी बोला. तो लिंडनचा डेरेदार वृक्षही नीट पाहून ठेवा. तो पुढे आठवत राहतो.

ही गावं खरी आहेत, हे मला खेळ अर्धा झाल्यावर कळलं आणि मी रात्री नकाशा उघडून बसलो. गेममधलं रट्टाय म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं रताये नाद साझावोऊ, सासाऊ म्हणजे साझावा, उझिट्झ म्हणजे ऊझित्से. साझावाचा मठ अकराव्या शतकात संत प्रोकोपने स्थापन केला आणि तो आजही उभा आहे. आपण एखाद्या किल्ल्यावर जाऊन आलो की बखरीतलं वर्णन वेगळंच वाचतो ना, तसं झालं. गेममधला मुलूख जेमतेम १६ चौरस किलोमीटरचा. मोठ्या गेम्सच्या मानाने तो लहान आहे, पण त्यातला ओढा न् ओढा माझ्या पायाखालचा झाला.

आता कामाचं बोलतो. या गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवणं, करता येत नाही. त्यासाठी ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाची दारू प्यावी लागते, किंवा स्वतःच्या अंथरुणात झोपावं लागतं. कथेतल्या मोठ्या टप्प्यांवर आपोआप सेव्ह होतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तिसऱ्या दिवशी जंगलातून येताना दरोडेखोरांच्या तावडीत सापडलो आणि माझे पावणेतीन तास गेले. त्या संध्याकाळी फार चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी तीच वाट पुन्हा धरली तेव्हा मात्र झाडी दाट झाली की चाल मंदावत होती, कान टवकारत होते. खेळातली भीती खरी व्हायची तर गमावण्यासारखं काहीतरी पदरी असावं लागतं, हे मला तेव्हा पटलं. झोपायची वेळ झाली असेल तर मेनूतलं ‘सेव्ह अँड एक्झिट’ वापरा. त्याला दारू लागत नाही, पण परत आल्यावर तो सेव्ह पुसला जातो.

श्नॅप्स विकत घेऊ नका, करायला शिका. द्राक्षाची वाईन, दोन खाजखुजलीसारखी नेटलची पानं आणि एक बेलाडोना ही विषारी वनस्पती, एवढंच साहित्य. गंमत ती करण्यात आहे. टेबलावर पाककृतीचं पुस्तक उघडं असतं, मडकं आकड्याला टांगलेलं, बाजूला खलबत्ता, दोर ओढला की भाता फुंकला जातो आणि मडक्याखाली जाळ लागतो. वेळ मोजायला वाळूचं घड्याळ उलटायचं. उकळी किती वेळ येऊ द्यायची, कुठली वनस्पती कुटून टाकायची, हे सगळं हाताने. पहिली तीन मडकी माझी वाया गेली. चौथं जमलं तेव्हा आईचा पहिला साखरेचा पाक बरोबर एकतारी आला की तिचा चेहरा कसा होतो, तो आठवला.

पण ही कृती वाचायची तर आधी वाचता यायला हवं. हेन्री निरक्षर आहे. सुरुवातीला कुठलंही पुस्तक उघडलं की पानावर अक्षरांचा गुंता दिसतो, शब्दांतली अक्षरं उलटसुलट पडलेली. उझिट्झला एक लेखनिक आहे, त्याच्याकडे पैसे देऊन शिकायचं. मग रोज थोडं वाचत राहिलं की हळूहळू एकेक शब्द जागेवर बसायला लागतो. पूर्ण ओळ पहिल्यांदा लागली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. साक्षर होणं म्हणजे काय, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही. बाकी कामं बाजूला ठेवा, रट्टायला बस्तान बसलं की पहिलं उझिट्झ गाठा.

रानातून जाताना वनस्पती तोडत चला. विकून पैसे होतात, आणि पुढे एक कौशल्य असं मिळतं की वाकून तोडण्यानेच ताकद वाढते. जखमेसाठी मॅरिगोल्डचा काढा फार कामाचा. हा मॅरिगोल्ड म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे, कॅलेंडुला. झेंडू मुळात अमेरिकेकडचा, १४०३ मध्ये तो युरोपात असणं शक्यच नाही. त्याच कारणाने या जगात बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. सफरचंद, कांदे, वाळवलेलं मांस, पाव आणि सगळीकडे चुलीवर रटरटणारं मडकं. त्या मडक्यातलं खाल्लं तर पैसे पडत नाहीत, हे लक्षात ठेवा. पिशवीतलं अन्न मात्र नासतं.

लढाई शिकायला रट्टायच्या आखाड्यात कॅप्टन बर्नार्ड आहे. कथेने एकदा शिकवलं म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याकडे परत परत जा, लाकडी तलवार घ्या, मार खा. त्याच्याकडून ‘मास्टर स्ट्राइक’, म्हणजे समोरच्याचा वार अडवून लगेच उलटा वार करणं, शिकल्याशिवाय दोघांशी एकदम भिडू नका. तिघे दिसले तर पळा, त्यात कमीपणा नाही. रात्री गावात शिरताना मशाल पेटती ठेवा, नाहीतर शिपाई धरतात. अंगावर रक्त-चिखल असला तर माणसं नीट बोलत नाहीत, म्हणून सरदारासमोर जाण्याआधी हौदावर तोंड धुवा.

मेर्होयेद गावात साथ आल्याचं कळलं की सगळं सोडून तिकडे जा. हे जग आपल्यासाठी थांबत नाही. उशीर केला तर रोगी दगावतात. मी घोड्याचं खोगीर बदलण्यात दोन दिवस घालवले होते, आणि त्याची टोचणी अजून आहे.

सासाऊच्या मठाचा भाग अनेकांना आवडत नाही. हेन्रीला तिथे नवशिका साधू म्हणून राहावं लागतं: शस्त्रं काढून घेतली जातात, घंटेला उठायचं, प्रार्थना, जेवण, ग्रंथालय, काम, पुन्हा प्रार्थना. मला हाच भाग सर्वांत आवडला. ऐंशी तास तलवार चालवल्यावर एकदम हातात काहीच नाही, फक्त वेळापत्रक आणि कान. सल्ला एवढाच की पहिले दोन दिवस निमूटपणे नियम पाळा आणि कोण कधी कुठे असतो ते बघून ठेवा.

मध्यंतरी भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी रट्टायहून टाल्मबर्गला चालत निघालेला पाहून म्हणाला, “मामा, फास्ट ट्रॅव्हल का नाही करत? पाच सेकंदात पोचशील.” मी म्हटलं, “तू खिरेश्वर ते हरिश्चंद्रगड पाच सेकंदात पोचलास तर तुला काय दिसेल?” तो हसला, पण मग अर्धा तास बसला. वाटेत धुकं उतरलं, एका वळणावर फासावर लटकलेला माणूस दिसला, पुढे दोन शेतकरी भांडत होते. फास्ट ट्रॅव्हल आहे, वापरा हवं तर. पण निदान पहिले वीस तास पायी जा. दुसऱ्यांदा खेळणार असाल तर हार्डकोर मोड घ्या: नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसत नाही, दिशा दिसत नाहीत, आणि वर स्वतःहून काही व्याधी निवडाव्या लागतात. मी झोपेत चालण्याची घेतली. कुठे जाग येईल नेम नाही! तेव्हा ओढा, वधस्तंभ, चर्चचा मनोरा यांवरून वाट काढायची, जशी आपण कातळावरच्या बाणांवरून आणि दगडांच्या रचलेल्या ढिगांवरून काढतो. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच खेळा. हा अठरा वर्षांवरच्यांचा गेम आहे.

तिथून थेट आकाशात. ‘आउटर वाइल्ड्स’ २०१९ चा, मोबियस डिजिटलचा. ॲलेक्स बीचम याच्या विद्यार्थीदशेतल्या प्रबंधातून तो वाढला आणि २०२० मध्ये बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार घेऊन गेला. एक छोटीशी सूर्यमाला, लाकूडफाटा ठोकून बनवल्यासारखं यान, आणि २२ मिनिटं. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण पुन्हा शेकोटीपाशी जागे होतो. हातात काही उरत नाही, ना शस्त्र, ना पैसा. उरतं ते फक्त जे कळलं ते.

म्हणून याबद्दल सल्ला देणं अवघड आहे, कारण माहिती हीच इथली चावी. कुठलाही व्हिडिओ पाहू नका, मित्राला विचारू नका. यानातली नोंदवही अडलं की उघडा. कुठे अजून काही बाकी आहे ते ती सांगते. ऑटोपायलट सरळ रेषेत नेतो, मधे सूर्य आला तर सूर्यातून नेतो, तेव्हा निघण्याआधी मार्ग डोळ्यांनी तपासा. यानाचा वेग ग्रहाच्या वेगाशी जुळवायचं बटण पहिल्याच दिवशी बोटांना सवयीचं करा. वाळूच्या जुळ्या ग्रहांवर जायचं तर लवकर निघा, कारण एकाची वाळू दुसऱ्यावर ओतत असते आणि सगळं वेळेवर अवलंबून आहे.

आणि एक गोष्ट जरूर करा. यान घेऊन सूर्यमालेच्या कडेला जा, इंजिन बंद करा, सिग्नलस्कोप, म्हणजे दूरचे आवाज पकडणारं यंत्र, मध्याकडे धरा. वेगवेगळ्या ग्रहांवर आपलेच सहप्रवासी बसलेत. कुणी बॅन्जो छेडतोय, कुणी बासरी, कुणी ढोल, कुणी हार्मोनिका, कुणी नुसती शीळ घालतोय. जवळ गेलं की एकेक सूर सुटा ऐकू येतो. दूर गेलं की सगळे एकाच गाण्यात मिसळतात. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, मी पंखा बंद केला आणि ते ऐकत बसलो. सूर्य फुटायला एक मिनिट राहिलं होतं. हललो नाही.

शेवटी ‘डिस्को एलिझियम’. खरं सांगायचं तर यावर वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात. एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झने रचलेलं जग, दारूच्या नशेत स्वतःचं नाव विसरलेला डिटेक्टिव्ह, मार्टिनेज नावाचं बंदराजवळचं पडीक उपनगर आणि खानावळीमागच्या झाडाला टांगलेलं प्रेत. मारामारीची पद्धतच नाही. सगळं बोलण्यात आणि डोक्यातल्या चोवीस आवाजांत चालतं. शब्द दहा लाखांच्या वर आहेत, इंग्रजी अवघड आहे, म्हणून दिवसाला दोन तासांवर खेळू नका. सुरुवातीला गुण वाटताना शरीर आणि मन या दोन्ही गटांत अगदी एकवर राहू नका, नाहीतर खोलीतल्या पंख्यावरचा टाय काढतानाही जीव जातो. अवघड प्रसंगांचा निकाल फाशांवर लागतो; ते उलटे पडले तर मागचा सेव्ह उघडू नका. मी दोनदा उघडला, आणि दोन्ही वेळा हरलेला प्रसंगच अधिक माणुसकीचा होता असं नंतर जाणवलं. किम कित्सुरागी हा साथीदार काय म्हणतो ते ऐका. इतका सभ्य सोबती मला कुठल्याच गेममध्ये भेटला नव्हता.

घोटा आता बरा आहे. ‘किंगडम कम’चा दुसरा भाग २०२५ च्या फेब्रुवारीत आला, त्यात कुट्टेनबर्ग शहर आहे, तो दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवला आहे. भाच्याने पहिला भाग परवा सुरू केला. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: “मामा, त्या लिंडनच्या झाडाखाली परत आलोय. फावडं कुठे मिळेल?”