माद्रिद अपडेट: प्रादोतली स्थिरचित्रं आणि बाहेरची ताटं

मंडळी, स्थिरचित्रांच्या, म्हणजे फळं, भाज्या, भांडी अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांच्या, स्केचिंगची पुढची नोंद. यावेळी माद्रिद, डिसेंबरमधली सुट्टी, ताई आणि मी दोघंच. निघायच्या आधीच ठरवलं होतं की यादी घेऊन पळापळ करायची नाही, एका वेळी एखादं-दुसरं दालन बघायचं, मग निवांत जेवायचं, आणि जमलं तर जे चित्रात बघितलं तेच ताटात मागवायचं. या शेवटच्या गोष्टीने माझ्या रेषेत जेवढा फरक पडलाय तेवढा घरी बसून सराव करून पडला नव्हता, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी कामाचं सांगतो. प्रादो या माद्रिदच्या कलासंग्रहालयात फोटो काढायला बंदी आहे आणि स्केच करणाऱ्यांसाठी ते खरंच वरदान आहे, कारण समोर फोन धरून कुणी उभं नसतं आणि आपणही "नंतर फोटो बघून करू" म्हणत टाळत नाही. मी छोटी वही आणि पेन्सिली एवढंच नेलं होतं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात प्रवेश फुकट असतो, रांग लागते पण सरकते पटापट. त्यामुळे आमचा क्रम असा बसला की सकाळी तिकीट काढून बघायचं, दुपारी जेवून रेतिरो पार्कात उन्हात बसायचं आणि संध्याकाळी परत त्याच चित्रासमोर.

आता मुख्य चित्र. स्पॅनिश चित्रकार हुआन सांचेस कोतान, १६०२. दगडी खिडकीची चौकट, तिच्यात लिंबं, सफरचंदं आणि छोटे पक्षी दोऱ्यांनी टांगलेले, खाली मुळे, गाजरं आणि कोपऱ्यात वाकडा पडलेला पांढुरका कार्दो. कार्दो म्हणजे आर्टिचोकच्या घराण्यातली भाजी, खायचे ते देठ, आणि ते पांढरे, कोवळे राहावेत म्हणून वाढतानाच झाकून ठेवतात. मागे सगळं काळंभोर. हे चित्र केल्यावर पुढच्याच वर्षी कोतान मठात गेला, कार्थुसियन पंथात. त्याच्या भाज्यांकडे बघितलं की हे पटतं, इतक्या एकाग्रतेने गाजर बघणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

सकाळी कार्दो काढला तेव्हा आकार बरोबर आला पण देठ सपाट वाटत होते. दुपारी एका छोट्या खानावळीच्या फळ्यावर बदामाच्या सॉसमधला कार्दो दिसला (हिवाळ्यातली भाजी, ख्रिसमसच्या सुमारास करतात), लगेच मागवला. चव किंचित कडसर, सॉस घट्ट आणि मऊ, आणि देठ चावताना लांबच लांब शिरा जिभेला लागतात, एका बाजूला खोलगट पन्हळ आणि पाठीवर उंचवटे. संध्याकाळी परत चित्रासमोर उभा राहिलो तर कोतानने तेच केलेलं दिसलं, प्रत्येक शीर बुडापासून निघते, पाठीवर उजेड धरते आणि पन्हळीत सावली टाकते, वाकणाशी शिरा जवळ येतात आणि टोकाला परत फाकतात. मग मी बाह्यरेषा सोडूनच दिली, बुडापासून फक्त शिरा ओढत गेलो आणि देठ आपोआप गोल झाला. मागची काळी जागा ६बी या मऊ, गडद पेन्सिलने थरावर थर देऊन भरली, बोटाने न घासता. घासलं की ग्रॅफाइट चकाकतं आणि काळ्याची खोली जाते, हे वहीत दोन्ही शेजारी शेजारी करून बघितलं तर फरक लगेच कळतो.

दुसरा मुक्काम चित्रकार लुइस मेलेंदेस. जन्म १७१६, नेपल्समधला, वडिलांचं कला अकादमीशी भांडण झालं आणि त्यात यालाही अकादमीतून काढलं, दरबारी चित्रकाराची जागा मागितली ती मिळाली नाही, आणि १७८० मध्ये गरिबीत गेला. आणि त्याच माणसाने युवराजासाठी स्पेनमधल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंची अख्खी मालिका रंगवली, जिच्यातला बराचसा भाग आज प्रादोत आहे. १७७२ चं सॅमनचं चित्र आवर्जून बघा. सॅमनचा एक जाड तुकडा, लिंबू, मागे तांब्याचं भांडं. नजर इतकी खाली ठेवलीय की आपण टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघतोय असं वाटतं. माशाचा ओलेपणा त्याने मोजक्या पांढऱ्या ठिपक्यांत आणलाय आणि लिंबाच्या सालीवरचे हायलाइट मात्र मंद, पसरट. ओली चमक आणि कोरडी चमक वेगळी काढायची असते हे मला इथे नीट समजलं. त्याची भांडीही चित्राचित्रांतून परत परत भेटतात, म्हणजे घरातली तीच चार भांडी हलवून नवी रचना करायची, आपल्यासारख्यांनी उचलावी अशी युक्ती.

सुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचं भांड्यांचं चित्र पण प्रादोतच. एका ओळीत चार भांडी, काहीच घडत नाही, आणि तरी हलवत नाही तिथून. त्यातलं लाल मातीचं भांडं बघून ताई म्हणाली, "अरे, हे आपण मघाशी राजकन्येपुढे बघितलं ना?" आणि खरंच, वेलास्केसच्या १६५६ च्या 'लास मेनिनास'मध्ये दासी छोट्या राजकन्येपुढे तबकात जे धरते ते असंच लाल मातीचं पात्र, बुकारो. त्यात पाणी गार आणि सुगंधी राहायचं. एवढ्या गाजलेल्या चित्रात मी आता फक्त तेवढंच काढलं, तबकाच्या एलिप्ससकट, म्हणजे तिरकं बघताना दिसणाऱ्या लंबगोलासकट.

क्लारा पीटर्स या चित्रकर्तीची १६११ ची चित्रं पण चुकवू नका, कथलाच्या सुरईच्या चकाकीत तिने स्वतःला इवलंसं रंगवलंय, अगदी जवळ जाऊन शोधावं लागतं. २०१६ मध्ये प्रादोने पहिल्यांदाच एका स्त्री चित्रकाराचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, ते हिचंच.

खाण्याबद्दल. वेळा सांभाळा, दुपारचं जेवण दोन-अडीचला रंगतं, रात्रीचं नऊनंतर, मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी किचन बंद. कामाच्या दिवशी दुपारी मेनू देल दिया मागायचा, पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, ब्रेड, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत, आणि कुणी उठवायला येत नाही त्यामुळे टेबलावर बसूनच स्केच पूर्ण होतं. तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, आतून थोडं वाहतं असेल तिथेच खावं, कापल्यावर त्याच्या कडेला जे बटाट्याचे थर दिसतात ते काढायला फार मजा येते. थंडीत कोसिदो, आधी बारीक शेवयांचं सूप, मग छोले आणि भाज्या, मग मांस, तिन्ही एकाच हंडीतलं. त्यानंतर चित्रं बघायला जायचं धाडस करू नका, सरळ झोपा.

शेवटी रेना सोफिया हे आधुनिक कलेचं संग्रहालय, मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. पिकासोच्या 'गेर्निका'समोर उभे राहिलो, पावणेआठ मीटर रुंद आहे, त्यापुढे वही काढावीशीच वाटली नाही. पण चित्रकार हुआन ग्रिसचं १९१४ चं अनीसच्या (बडीशेपेसारख्या स्वादाच्या दारूच्या) बाटलीचं चित्र माझ्या कामाचं निघालं. काचेवर हिऱ्यासारखे पैलू असलेली ती बाटली आजही बारच्या फळीवर दिसते, आणि ख्रिसमसच्या गाण्यांना लोक तिच्या पैलूंवर चमचा घासून ताल धरतात. ग्रिसने बाटलीचे तुकडे करून मांडलेत आणि लेबल मात्र खरं चिकटवलंय. आता तेच करून बघतोय, लोणच्याच्या बरणीचं लेबल सोडवून घेतलंय, बरणी पेन्सिलने. अडचण एकच, गोंदामुळे कागद फुगतो आणि त्यावर ६बी नीट बसत नाही. १८० जीएसएमचा कागद वापरतोय, कुणी कोलाज आणि ग्रॅफाइट एकत्र केलं असेल तर कोणता गोंद आणि कोणता कागद घेतला ते नक्की सांगा.