तुम्ही विचारलंत म्हणून: क्राफ्टवरचा माझा राग

"अगं, ब्रेडीला शिक्षा गुडेलने केली, आणि तू अजून क्राफ्टवर काय चिडतेस?" आमच्या बॉस्टनकडच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. तर ऐका. रॉबर्ट क्राफ्ट म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मालक; टॉम ब्रेडी त्यांचा तेव्हाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मुख्य खेळाडू; आणि रॉजर गुडेल लीगचे, एनएफएलचे प्रमुख.

शिक्षा अन्यायाची होती, हे मी आजही म्हणते. २०१५ च्या जानेवारीतल्या एका सामन्यात टीमच्या लोकांनी चेंडूतली हवा मुद्दाम काढली, याची शक्यता जास्त दिसते, एवढ्यावर ब्रेडीला चार सामने बंदी, पेट्रियट्सना १० लाख डॉलर दंड, वर ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू घेण्यातली, पहिल्या फेरीची निवड गेली. पण गुडेलकडून मला आशाच नव्हती. क्राफ्टकडून होती. १९९४ मध्ये टीम विकत घेण्याआधी हा माणूस १९७१ पासून सीझन तिकीट काढून सामने बघायचा. मला तो आमच्यातलाच वाटायचा.

२०१५ च्या जानेवारीत माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. शाळेत त्याला 'चीटर' म्हणायला लागले. आम्ही स्वयंपाकघरात चेंडूत १२.५ पीएसआय दाबाची हवा भरली आणि रात्री तो अंगणातल्या बर्फात ठेवला. तासाभराने काटा अकराच्याही खाली. म्हणजे नुसत्या थंडीनेही दाब उतरतो. त्याने आकडा वहीत लिहिला, तारीख घातली आणि खाली लिहिलं, "मिस्टर क्राफ्ट सोडणार नाहीत." का लिहिणार नाही? लीगने आमची माफी मागावी, असं क्राफ्ट तेव्हा जाहीरपणे बोलले होते.

१९ मेला त्याला सरावाहून घरी आणत होते. रेडिओवर सॅन फ्रान्सिस्कोहून क्राफ्टचा आवाज: टीमची शिक्षा नाइलाजाने मान्य करतो, अपील करणार नाही, एका टीमपेक्षा ३२ टीमचं हित मोठं. मागच्या सीटवरून पोरगा म्हणाला, "आई, मग आपण केलं होतं?"

"नाही रे."

"मग ते हो का म्हणाले?"

मी गाडी कडेला घेतली. मला उत्तर देता आलं नाही.

ब्रेडीने मात्र स्वतः अपील केलं होतं. जुलैत गुडेलने त्याची बंदी कायम ठेवली, तेव्हा क्राफ्टने चाहत्यांची माफी मागितली. लीगवर विश्वास ठेवला, चुकलो, म्हणाले. आपण नमतं घेतलं तर ब्रेडीला सोडवणं सोपं जाईल, असं त्यांना वाटलं होतं. हे मला पटतं. स्वतःच्या माणसासाठी मीही कदाचित मान खाली घातली असती. पण तेव्हाची मी ऐकत नाही. ती म्हणते, लढायची वेळ मेमध्ये होती. जुलैत माफी मागून काय उपयोग?

२०१७ मध्ये ह्यूस्टनमध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, ३-२८ असे मागे असताना जिंकलो. पोरगा सोफ्यावर उड्या मारत ओरडला, "आतातरी सोड ना, आई!"

नाही सोडलं.