कागद नेमका कुठे थांबतो?

लेझर प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकू लागला की पुण्यातल्या अनेक लहान कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्वप्रथम पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधला कागद आत ओढणारा रबरी रोलर, बदलला जातो. रोलर खरोखरच झिजलेला असेल तर त्याने काम भागते; पण कागद कोणत्या टप्प्यावर थांबतो हे न तपासता केलेला हा खर्च पुष्कळदा वाया जातो. तपासणीची सोय अनेक कार्यालयीन प्रिंटरांच्या मेनूतच असते आणि तरीही ती वापरली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कागदाच्या मार्गावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. कागद आला की प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी हलते, प्रकाशाचा किरण अडतो किंवा मोकळा होतो, आणि कागद तिथे पोहोचल्याचे यंत्राला कळते. एका सेन्सरपासून पुढच्या सेन्सरपर्यंत कागदाने किती वेळात पोहोचावे हे ठरलेले असते. तेवढ्या वेळात तो आला नाही तर एक प्रकारचा जॅम नोंदवला जातो, आणि येऊन ठरल्या वेळात पुढे सरकला नाही तर दुसऱ्या प्रकारचा. हा फरक फार महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच कागद आत जाऊ देणारा सेपरेशन पॅड झिजल्यामुळे दोन कागद एकमेकांवर थोडे सरकून एकत्र आत गेले, तर सेन्सर एका ए-४ कागदाच्या, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या, हिशेबापेक्षा जास्त वेळ झाकलेला राहतो. त्यामुळे तक्रार पुढच्या सेन्सरची दिसते, पण दोष मागे ट्रेपाशी असतो.

मेनूतली पेपर पाथ टेस्ट, म्हणजे कागदाच्या मार्गाची चाचणी, घेताना कोणत्या ट्रेमधून कागद घ्यायचा, तो दोन्ही बाजूंनी छापायचा की एकाच, आणि किती प्रती काढायच्या हे आपण ठरवू शकतो. प्रत्येक ट्रेची चाचणी वेगळी घ्यावी. एकाच ट्रेमधला कागद अडकत असेल तर त्या ट्रेचा रोलर, पॅड आणि कागदाच्या कडांना टेकणारे गाइड पाहावेत. सगळ्याच ट्रेमधला अडकत असेल तर दोष पुढच्या सामायिक मार्गात शोधावा. मार्ग पूर्ण मोकळा असतानाही जॅमचा संदेश जात नसेल, तर मेनूतली सेन्सर टेस्ट सुरू करून ती पट्टी बोटाने हलवून पाहावी. पडद्यावरची स्थिती बदलली नाही, तर बहुधा पट्टी तुटलेली असते किंवा कागदाचा एखादा कपटा तिथे अडकून बसलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र यंत्राच्या आधी मी कागदाची चाचणी घेतो. उघडी पडलेली रिम इथल्या पावसाळी हवेतला ओलावा शोषते, आणि शाईची पूड वितळवून कागदावर चिकटवणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेने तो ओलावा निघून जाताना कागद वाकतो. दोन्ही बाजूंच्या छपाईत हाच वाकलेला कागद पुन्हा आत ओढला जातो, म्हणून पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात. अशा वेळी त्याच ट्रेमध्ये आधी उघड्या रिमचे आणि मग नुकत्याच फोडलेल्या रिमचे कागद ठेवून तीच चाचणी घ्यावी. नवे कागद सुरळीत गेले, तर रोलरला हात न लावता जुनी रिम बदलावी आणि उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा.