भुरीचा जबडा आणि फॉस्फरसचं गणित

आमच्या कुत्रीच्या, भुरीच्या, किडन्या नीट काम करत नाहीत, हे आम्हाला कळलं ते तिच्या तोंडामुळे. पाणी भरपूर पिणं, सारखी लघवी हे चालू होतंच. पण डॉक्टरांकडे नेलं ते वेगळ्याच कारणासाठी. कडक बिस्कीट तोंडात घ्यायची आणि तसंच खाली ठेवून द्यायची. वरचा जबडाही दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखा दिसायला लागला होता. वय जेमतेम दीड वर्षाचं.

डॉक्टर मॅडमनी हिरड्या पाहिल्या, मग खालचा जबडा चिमटीत धरून अगदी हलकेच दाबला. तो लवला. एक्स-रेमध्ये दात पांढरेशुभ्र आणि त्यांच्याभोवतीचं हाड इतकं पुसट, की दात अधांतरी लटकल्यासारखे दिसत होते. “दातांचं दुखणं नाही हे,” मॅडम म्हणाल्या, “उद्या उपाशीपोटी रक्त घेऊ, किडनी बघू.”

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, ३.८ आलं, फॉस्फरस ८.१. दोन्ही जास्त. कुत्र्यांमध्ये क्रिएटिनिन २.९ ते ५ च्या दरम्यान असलं की किडनीच्या आजाराचा तिसरा टप्पा धरतात. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि वेड्यावाकड्या निघाल्या, म्हणजे जन्मापासूनच नीट घडलेल्या नव्हत्या. आणि कॅल्शियम? १०. अगदी नॉर्मल. मला काही केल्या हे पटेना. हाड मऊ पडलंय आणि कॅल्शियम नॉर्मल कसं?

मॅडमनी कागदावर बाण काढत समजावलं. रक्तात ते नॉर्मल होतं, कारण हाडं ते पुरवत होती. किडनी थकली की फॉस्फरस लघवीवाटे पुरेसं बाहेर पडत नाही, रक्तात साचत जातं. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याची शेवटची पायरीही मुख्यतः किडनीतच होते. तीही मंदावते आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि ते हार्मोन हाडातून कॅल्शियम उपसतं. त्याबरोबर हाडातलं फॉस्फरसही सुटतं, ज्याला बाहेर जायला वाट नाही. म्हणजे पुन्हा तेच चक्र. उपसलेल्या हाडाच्या जागी तंतूंसारखी ऊती भरते, म्हणून जबडा मऊही आणि फुगलेलाही. याचा फटका सगळ्या हाडांना बसतो, पण दिसतो तो आधी जबड्यात. वाढत्या वयातल्या कुत्र्यांत तर फार ठळक. उतारवयात किडनी गेलेल्या कुत्र्यांची हाडंही आतून झिजतात, पण जबडा लवण्यापर्यंत वेळ क्वचित येते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, हाडं ठिसूळ झालीत ना, मग दूध दे, कॅल्शियमच्या गोळ्या दे.” कुणालाही हेच सुचेल, पण मॅडमनी नेमकी याचीच मनाई केली होती. दूध, चघळायची हाडं, हाडांची पूड यांतून फॉस्फरसची भर पडते. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या आकड्यांचा गुणाकार ७० च्या वर गेला, की त्यांचे क्षार किडनीत, रक्तवाहिन्यांत, पोटाच्या अस्तरात बसायला लागण्याचा धोका असतो. भुरीचा गुणाकार ८१ होता. हा हिशोब सांगितल्यावर सासूबाईंनी दुधाचा विषय पुन्हा काढला नाही.

खरी लढाई सुरू झाली ती जेवणाच्या भांड्यात. किडनीचं खास खाणं कमी फॉस्फरसचं असतं, आणि भुरीच्या मते बेचव. ते आधीच्या खाण्यात थोडं थोडं मिसळत वाढवायचं. मळमळ चालू असताना मुळीच सुरू करायचं नाही, नाहीतर कुत्रं त्या वासाचाच कायमचा तिटकारा धरून बसतं. म्हणून आधी मळमळीचं औषध, मग नवं खाणं. मी ते कोमट करून द्यायचे, म्हणजे वास सुटायचा.

नुसत्या खाण्याने फॉस्फरस ६.४ पर्यंत उतरलं. या टप्प्याला ते ५ च्या खाली हवं, म्हणून अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पावडर आली. ही पावडर आतड्यात अन्नातलं फॉस्फरस धरून ठेवते, म्हणून ती घासातच मिसळावी लागते. रिकाम्या पोटी दिली तर जवळपास फुकट. हे घरात सगळ्यांना पटवणं औषधापेक्षा अवघड गेलं. “सकाळची राहिली, आत्ता चाटवू का?” असं कुणीतरी विचारायचंच. या पावडरीने बद्धकोष्ठ होतं, तेवढं बघावं लागतं. जास्त डोस फार काळ चालला तर अ‍ॅल्युमिनियम अंगात साठून अशक्तपणाही येऊ शकतो, म्हणून डोस मनाने वाढवायचा नाही.

पुढच्या तपासणीत फॉस्फरस ४.८. मग कॅल्सिट्रिऑल सुरू केलं, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार, कामाचं रूप. फॉस्फरस आटोक्यात नसताना ते देत नाहीत, कारण ते आतड्यातून कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही आत ओढतं. डोस नॅनोग्रॅममध्ये. भुरी १२ किलोची, तिला दिवसाला ३० नॅनोग्रॅम. माणसांची छोट्यातली कॅप्सूल २५० नॅनोग्रॅमची. म्हणून तिच्यासाठी वेगळं पातळ औषध बनवून घेतलं. हे मात्र जेवणाबरोबर नाही, रात्री उशिरा. फ्रिजवर दोन रकाने आखले, ‘घासात’ आणि ‘घासाशिवाय’, तेव्हा कुठे घरातला गोंधळ थांबला. आता रक्तातलं आयनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम, वरचेवर बघतात. ते वाढलं तर औषध लगेच बंद.

दुखण्यासाठी मी एकदा नेहमीच्या वेदनाशामकाचं विचारलं. मेलॉक्सिकॅमसारखी औषधं किडनीवर आणखी ताण आणतात, म्हणून मॅडमनी दुसरं निवडलं. रस्सीखेच बंद, चघळायची खेळणी बंद, सोफ्यावरून उडी बंद. शेवटचा नियम भुरी पाळत नाही.

ताज्या एक्स-रेत जबड्याचं हाड आधीपेक्षा पांढरं, ठळक दिसतंय आणि दाबल्यावर लवणं बरंच कमी झालंय. फुगवटा थोडा उतरलाय, पूर्ण नाही. किडन्या आहेत तशाच आहेत, त्या सुधारणार नाहीत हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खालची एक दाढ अजून हलते. काढायची तर भूल द्यावी लागेल, आणि मऊ हाडाला धक्का न लावता काढावी लागेल. पुढच्या रिपोर्टनंतर ठरवू, असं मॅडम म्हणाल्यात. तोपर्यंत भुरी दुसऱ्या बाजूने चावते.