जुन्या पिकअपचा क्लच बदलताना: माझा अनुभव

पसरणी घाटात भरलेली गाडी तिसऱ्या गिअरला नुसतीच रेस घेते, वेग धरत नाही आणि केबिनमध्ये जळका वास येतो, म्हणजे क्लचप्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) संपत आली. खात्रीसाठी सपाट जागी हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकतो आणि थोडी रेस देऊन पेडल सोडतो. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. फिरतच राहिलं तर स्लिप, म्हणजे प्लेट घसरतेय. हे एकदाच करायचं, नाहीतर प्लेटवरचं उरलेलं लायनिंगही (पकड देणारा थर) जळतं. गिअर पडताना खरखर होत असेल तर मात्र आधी स्लेव्ह सिलिंडरची (पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) गळती बघावी. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल पिकअप, क्लच हायड्रॉलिक. सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडी घोडीवर घेतली. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकत्या) छिन्नीने खूण केली. शाफ्ट फिरवून बसला तर वेगात गाडी थरथरते. गिअर लिव्हर, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्टार्टर हे पटापट निघतं. स्लेव्ह सिलिंडर पाइप न सोडता बाजूला बांधून ठेवला, म्हणजे पाइपात शिरलेली एअर काढायचं काम वाचतं. मात्र तो सुटा असताना कुणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येतो.

संपखाली (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) लाकडी ठोकळा देऊन इंजिनला आधार, गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक. मग क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा) आणि बेल हाउसिंगचे (क्लचवरचं, इंजिनला जोडलेलं कवच) बोल्ट काढले. बॉक्स सरळ मागे ओढायचा. इनपुट शाफ्टवर (प्लेटमध्ये घुसणारा गिअरबॉक्सचा दांडा) वजन लोंबकळलं तर प्लेटचा हब (मधला दातेरी भाग) वाकतो. काढताना जुनी प्लेट जाणारच असते, पण हीच चूक बसवताना झाली तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी थरथरते.

आतली काळी धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

मजुरीतला मोठा भाग बॉक्स उतरवण्याचा असतो, त्यामुळे नुसती प्लेट टाकून पैसे वाचवणं मला पटत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी), रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की तो दाब सोडवणारं) आणि पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं) एकदमच बदलावं. जुनी प्लेट दुकानात नेऊन व्यास आणि हबचे दाते मोजून घ्यावेत, कारण एकाच गाडीत वर्षानुसार फरक असतो. प्लेट तेलकट निघाली तर इंजिनच्या क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ते न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) निळे डाग आणि बारीक चिरा दिसल्या, म्हणून तो साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर फेस करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून घेतला. चिरा खोल असतील तर फ्लायव्हीलच बदलावा. पायरीचा फ्लायव्हील (प्लेट आणि प्रेशर प्लेट बसायच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर) असेल तर दोन्ही पृष्ठभागांवरून सारखंच कापायला टर्नरला बजावून सांगावं, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

नव्या प्रेशर प्लेटवरचा तेलाचा थर पेट्रोलने पुसून काढला. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू तिकडेच. जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा घालून प्लेट मधोमध धरली आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली की कव्हर वाकतं. हबच्या दात्यांना ग्रीस बोटाने पुसल्याइतकंच. जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं.

बॉक्स चढवताना शेवटचं बोटभर अंतर राहतं आणि बोल्टने ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं की हाउसिंगचा कान तुटतो. बॉक्स गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हळूहळू फिरवला की दाते जुळतात आणि बॉक्स हातानेच बसतो.

शेवटी पेडलच्या पुशरॉडला किंचित मोकळीक आहे ना, ते तपासलं. ती नसेल तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि नवी प्लेटही स्लिप होते. पहिले काहीशे किलोमीटर गाडी हलक्या मालावर चालवली आणि घाटात हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवायची नाही, हे ड्रायव्हरला निक्षून सांगितलं.