टायमिंग बेल्ट बदलताय? आधी इंजिन हातानं फिरवा

आमच्या जुन्या मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा उघडणारा दांडा) जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा, घरीच बदलला, सामान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातनं आणलं, पण भावांनो यातलं खरं काम म्हणजे इंजिन हातानं फिरवणं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी न्यूट्रलला, तिन्ही स्पार्क प्लग बाहेर, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावला की इंजिन अलगद फिरतंय, आणि फिरवायचं ते चालतं त्याच दिशेनं.

क्रँक दोनदा फिरतो तवा कॅम एकदा, त्यामुळं पिस्टन वर आला म्हणजे टायमिंग आलं असं नसतंय, एक नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद पायजेत. त्याच्याच प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा, कॉम्प्रेशनला (पिस्टन हवा दाबत वर येताना) हवा फुस्सकन अंगठा ढकलते, मला तर हे लई भारी वाटतं, इंजिन स्वतः सांगतंय की आता.

नवा बेल्ट चढवून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) लावला की स्टार्टर मारू नका. क्रँक हातानंच पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा जुळतात का परत बघा. मधेच अडकलं तर जोर लावायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असंल. एक दात जरी सरकला असंल तरी बेल्ट परत काढा, चालतंय की म्हणून कव्हर लावू नका.