व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं? प्लीज सोडू नका

डाएट चालू आहे, व्यायाम चालू आहे आणि काट्यावरचा आकडा वर चाललाय. हे माझं झालं, आमच्या लेडीज बॅचमधल्या कित्येक जणींचं झालं आणि त्यातल्या दोघी-तिघींनी याच कारणासाठी जिम सोडलं, म्हणून हे लिहावंसं वाटलं. सोडण्यासारखं काही घडलंच नव्हतं हो. शरीर आपलं काम नीट करत होतं, फक्त काटा नेमकं काय मोजतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे ट्रान्सहार्बरच्या लोकलने जा, दिवसभर खुर्चीत बसा आणि परत या. चाळिशीनंतर गुडघे कुरकुर करायला लागले, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, मग सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या आणि संध्याकाळी एक दिवसाआड जिम असं लावून घेतलं. जेवणात रात्रीचा भात जाऊन भाकरी आली, चहातली साखर गेली, ऑफिसमधला चार वाजताचा वडापाव गेला. आणि दोनेक आठवड्यांनी वजन बघते तर १ किलो ८०० ग्रॅम जास्त! सासूबाई म्हणाल्या, "अगं, खात तर काही नाहीस, मग वाढतेस कशी?" काळजीनेच म्हणाल्या त्या. नवरा म्हणाला काटा बिघडला असेल. ट्रेनर म्हणाला मॅडम मसल बनतंय, टेन्शन नका घेऊ. मला यातलं काहीच पटेना, मग मी कागद-पेन घेऊन हिशोबाला बसले.

१ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम चरबी अंगावर चढायला जवळजवळ १४ हजार कॅलरी शरीराच्या गरजेपेक्षा जास्त जायला हव्यात, दोन आठवड्यांत म्हणजे रोजच्या हजार. हजार कॅलरी म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी आठ-दहा चपात्या, रोज, न चुकता. तेवढं कुणी नकळत खात नाही. मग वाढलं ते चरबी नव्हतीच. आणि मसलही नव्हतं, कारण नवशिक्या बाईचं स्नायूंचं वजन महिन्याला अर्धा किलो वाढलं तरी खूप झालं, तेही नीट वजनं उचलून आणि पुरेसं प्रोटीन खाऊन. दोन आठवड्यांत पावणेदोन किलो मसल कुणाचंच वाढत नाही. ट्रेनरचा हेतू चांगला होता, पण हे असं खोटं समाधान दिलं की पुढच्या महिन्यात बाई अजून गोंधळते.

उरलं काय, तर पाणी. आणि हे समजलं तेव्हा मला खरंच हलकं वाटलं.

होतं असं, की सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, ती भरून काढायला तिथे सूज येते, सूज म्हणजे पाणी. स्क्वॉट्स मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात ना, तेव्हा ते काम चालू असतं. दुसरं म्हणजे स्नायू आपलं इंधन साठवतात, ग्लायकोजेन, आणि व्यायाम करायला लागलं की ते साठा वाढवतात. या ग्लायकोजेनच्या १ ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी राहतं. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी कसे तेवढेच असून जड होतात, तसंच. म्हणजे साठा २००-२५० ग्रॅमने वाढला तर काटा पाऊण ते एक किलो जास्त दाखवणार आणि त्यात चरबीचा एक कणही नसणार. तिसरं, नियमित चालायला लागलं की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, वाढतो, कारण आता हृदयाला जास्त रक्त फिरवायचंय आणि घामही काढायचाय. हे तिन्ही चांगलं लक्षण आहे! धाप कमी लागायला लागते ती यातूनच सुरू होते, आणि आपण नेमक्या त्याच आठवड्यात काट्याकडे बघून रडतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू पण सांगते, कारण ती जाहिरातवाले कधी सांगत नाहीत. पहिल्या आठवड्यात ३ किलो कमी वगैरे जे असतं ना, भात-पोळी सगळं बंद करून, ते पण बहुतेक पाणीच असतं. ग्लायकोजेन संपलं, त्याच्याबरोबरचं पाणी गेलं, काटा खाली आला. मग लग्नात जेवलात की तो परत वर. बाईला वाटतं माझा संयम सुटला, एका जेवणाने सगळं वाया गेलं. एका जेवणाने २ किलो चरबी चढूच शकत नाही, वरचा ७७०० चा आकडा परत बघा. आमच्याकडे संकष्टी असते, दिवसभर साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदयानंतर मोदक आणि साग्रसंगीत जेवण. दुसऱ्या दिवशी माझा काटा हमखास किलोभर वर असतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जागेवर येतो. आता मी संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढतच नाही, आणि मोदक शांतपणे खाते.

आता वर्तकनगरच्या माझ्या मैत्रिणीचं सांगते, तिला विचारूनच सांगतेय. आम्ही एकाच वेळी जिम लावलं, तिचंही वजन वाढलं, आणि तिने ठरवलं की रात्रीचं जेवणच बंद, फक्त पाकिटातलं सूप. वर दिवसभर डाएट म्हणून मिळणाऱ्या नाचणीच्या चिप्स. आठवड्याने मला बोट दाखवत होती, लग्नाची अंगठी निघेना, साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं, अंगठीच्या दोन्ही बाजूला बोट फुगलेलं आणि सकाळी डोळ्यांखालीही सूज. मी म्हटलं पाकिटं घेऊन ये. मागे सोडियम मिलीग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणायचं की मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम, साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात आमटी-भाजीतलं मीठ, लोणचं, पापड, ब्रेड सगळं आलं. तिचं सूप आणि चिप्सच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकत होत्या. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, ते कमी केलं की काही दिवसांत किडनी ते पाणी सोडून देते. तिने सूप बंद करून घरचं मुगाचं कढण आणि भाजी-भाकरी सुरू केली, तेव्हा अंगठी निघाली. जेवायला लागल्यावर वजन उतरलं, हे तिच्या आईला पटवणं अजून चालूच आहे.

उपाशी राहण्याबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचंय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत माणसात कसं आणायचं ते कळावं म्हणून. ती मुलं अगदी हाडाची काडं झाली आणि तरी त्यांच्या घोट्यांवर सूज होती. अंगावरचं मांस झडत होतं आणि पाणी साठत होतं. म्हणजे वजन हलत नाही म्हणून आणखी कमी खाणं हा उपाय नाही, त्याने माणूस चिडचिडा होतो, थकतो, झोप उडते आणि काटा तरीही खरं बोलत नाही.

आणि पाळी! याबद्दल जिममध्ये एक शब्द कुणी बोलत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कित्येक जणींचं वजन अर्धा ते दीड-दोन किलोने वाढतं, पाळी सुरू झाली की उतरतं. म्हणजे पाळी संपल्यावर वजन केलं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केलं, तर मधल्या काळात कमावलेलं सगळं त्या पाण्याखाली लपतं. म्हणून तुलना या आठवड्याची मागच्या आठवड्याशी करायचीच नाही, या महिन्यातल्या पाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवसाची मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी करायची. ही एक गोष्ट मला विशीत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

पूर्वी ठाणे स्टेशनवर ते नाणं टाकायचं मशीन होतं ना, लाइट फिरायचे आणि तिकीट बाहेर यायचं, मागे भविष्य? खांद्याला दप्तर, पायात चपला, हातात डबा, तसेच चढायचो आम्ही बहिणी आणि तिकीट जपून ठेवायचो. त्या आकड्यावरून कुणाचा दिवस खराब व्हायचा नाही. आताचा काटा ५० ग्रॅमचा फरक दाखवतो आणि आपण त्या ५० ग्रॅमला घाबरतो. आत्ता एक लिटर पाणी प्या आणि काट्यावर उभ्या राहा, लगेच १ किलो वाढलेलं दिसेल.

मी आता काय करते, तर सकाळी उठून, टॉयलेटला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा लादीवर ठेवून (पायपुसण्यावर किंवा मॅटवर ठेवला की चुकीचं दाखवतो) वजन बघते आणि आठवड्याची सरासरी काढते. ज्यांना रोज आकडा बघून त्रास होतो त्यांनी रोज बघूच नये. आणि टेप. कमरेचं माप, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की जपायला हवं असं धरतात. माझं वजन वाढलेलं होतं त्याच काळात टेप मात्र दीड सेंटीमीटर कमी दाखवत होती आणि ऑफिसचा कुर्ता काखेत सैल झाला होता.

पण हे पाण्याचं प्रकरण सुरुवातीच्या काही आठवड्यांचं. दीड-दोन महिने होऊन वजन आणि टेप दोन्ही वरच जात असतील तर पाणी म्हणून सोडून देऊ नका. आधी स्वयंपाकघर बघा, तिथेही बुधलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने मोजून तेल टाकून बघा, कारण एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि फोडणीला आपण सहज तीन चमचे ओततो. शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं, हेल्दी म्हणून येता-जाता खाल्लेले दाणे. मूठभर दाणे म्हणजे १७० कॅलरी आणि कचराळीला अर्धा तास झपाझप चालून जेमतेम दीडशे जातात. दाणे वाईट नाहीत, मी रोज खाते, पण वाटीत काढून.

आणि डॉक्टरकडे जा. थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं यातलं काही बरोबर असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसबद्दल (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) विचारा, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा डिप्रेशनची काही औषधं चालू असतील तर त्यानेही वजन वाढतं, ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पायाला बोट दाबून खड्डा पडतोय, धाप लागतेय आणि चार-पाच दिवसांत दोन-तीन किलो वाढलेत असं असेल तर थांबूच नका, त्याच दिवशी दाखवा, तो हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असू शकतो.

आमच्या बॅचमधल्या तिघी-चौघींनी टीएसएच केली. वर्तकनगरवालीची नॉर्मल आली, माझीही. एकीची बरीच वाढलेली निघाली, इतके दिवस ती सगळ्यांकडून आळशी म्हणून ऐकून घेत होती. आता सकाळी उपाशीपोटी गोळी, त्यानंतर पाऊण तासाने चहा, आणि संध्याकाळी बॅचला येते.